देताना वय दिसते, घेताना का दिसत नाही?

बोरगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातील मराठी माणसाच्या प्रश्नांवर लिहायचे म्हटले की संत्र्याचा भाव, कपाशीचे बोंड, मराठी शाळांची अवस्था आणि बोरगावच्या कारखान्यांत स्थानिक पोरांना मिळणारे काम हे विषय आपसूक पुढे येतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण आज आम्ही वाचकांचे लक्ष एका लहान वाटणाऱ्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो. कन्हान आणि जाम या नद्यांच्या काठी, तसेच गावोगावच्या तलावांवर जाळे टाकून पोट भरणारे म्हातारे लोक आपल्यात आहेत. त्यांच्याकडून मासेमारीसाठी जे पैसे घेतले जातात, ते साठीनंतर निम्मे व्हावेत आणि सत्तरीनंतर पूर्ण माफ व्हावेत, ही आमची मागणी आहे.

पैसे म्हणजे नेमके कोणते, हे आधी स्पष्ट करतो. मासेमारी करणाऱ्याच्या खिशातून पैसा एका वाटेने जात नाही. कुठे परवान्याचे शुल्क असते, कुठे मच्छीमार सहकारी समितीची वर्गणी आणि भागाची रक्कम असते, तर कुठे समितीने पंचायतीकडून तलाव पट्ट्यावर घेतला म्हणून त्या पट्ट्याच्या रकमेतला प्रत्येक सभासदाचा वाटा असतो. नावे वेगवेगळी, भार मात्र एकाच माणसावर. पंचवीस वर्षांचा तरणाबांड सभासद आणि बहात्तर वर्षांचा गुडघे धरून काठावर बसणारा सभासद, दोघांचा वाटा सारखाच. पहिला पहाटे डोंगा घेऊन तलावाच्या मध्यापर्यंत जातो. दुसरा काठाकाठाने फेकजाळे टाकतो आणि दोन वेळच्या कालवणापुरते मासे घेऊन घरी येतो. मिळकत सारखी नाही, मग देणे सारखे का?

आपल्या जुन्या घराण्यांतील वाचकांना हे लोक परके नाहीत. ढिवर, भोई, कहार, ढिमर अशा नावांनी ओळखला जाणारा हा समाज आपल्याच गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. आपल्या अंगणात टोपली उतरवून "बाई, मरळ आणली आहे, घेता का?" असे विचारणारी म्हातारी बहुतेक जुन्या घरांनी पाहिली आहे. त्या टोपलीला आपण भाव करून दिला, कधी उधार ठेवला, सणावाराला शिधाही दिला. पण तिचा नवरा समितीत किती भरतो, त्याचे साठीनंतर काय होते, हे आपण कधी विचारले नाही. आता विचारण्याची वेळ आली आहे, कारण या प्रश्नाचे उत्तर ज्या ग्रामसभेत आणि ज्या पंचायतीत मिळायचे आहे, तिथे आपल्याच माणसांचा शब्द चालतो.

आता कायद्याकडे येऊ. मध्य प्रदेशातील मासेमारी १९४८ च्या मत्स्योद्योग कायद्याने चालते. हा कायदा झाला तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासोबत आपले सौंसर-पांढुर्णे मध्य प्रदेशात राहिले. कायदाही इकडे राहिला. त्यानंतर १९७२ चे नदीय मत्स्योद्योग नियम आले. त्यांच्यानुसार दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात मासेमारी बंद असते. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, त्या वेळी जाळे टाकले तर पुढच्या वर्षीचे मासे या वर्षीच संपतात, म्हणून ही बंदी योग्यच आहे. ती मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आम्ही या बंदीच्या बाजूचे आहोत आणि म्हातारे मच्छीमारही तिच्या बाजूचे आहेत, कारण नदीचे पोट कसे भरते हे त्यांनाच आपल्यापेक्षा जास्त कळते.

पण ६१ दिवस जाळे वाळत घातल्यावर चूल कशावर पेटवायची? त्यासाठी शासनाची बचत सह राहत योजना आहे. केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत ती येते. मच्छीमाराने वर्षभरात १५०० रुपये जमा करायचे, शासनाने त्यात ३००० रुपये घालायचे आणि बंदीच्या किंवा टंचाईच्या तीन महिन्यांत दरमहा १५०० याप्रमाणे ४५०० रुपये त्याला परत द्यायचे. योजना चांगली आहे. मात्र तिच्यात वयाची अट आहे, १८ ते ६०. साठी ओलांडली की शासनाचे ते ३००० रुपये बंद. बंदी मात्र साठीनंतरही तीच, दंडही तोच.

याच योजनेत अपघात विम्याचीही सोय आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख. इथेही वय आहे, १८ ते ७०. म्हणजे सत्तरीनंतर पाय घसरून माणूस तलावात गेला तर विम्याच्या हिशेबात तो नाही. पाय घसरण्याची शक्यता तिशीत जास्त की सत्तरीत, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

आमचे म्हणणे इथे येऊन ठेपते. शासनाला माणसाचे वय मोजता येते. साठ वर्षे कधी पूर्ण झाली आणि सत्तर कधी झाली, हे कागदावर पक्के असते आणि त्यानुसार मदत थांबतेही. मग वर्गणी, शुल्क आणि पट्ट्याचा वाटा घेताना हे वय कुठे जाते? देण्याच्या खिडकीवर "बाबा, तुमचे वय झाले" असे सांगायचे आणि घेण्याच्या खिडकीवर "बाबा, तुम्हीही इतरांसारखेच सभासद" असे सांगायचे, हा दुटप्पीपणा आहे. साठीनंतर माणूस मच्छीमार राहत नाही असे शासनाचे मत असेल तर त्याच्याकडून मच्छीमार म्हणून काही घेऊ नये. तो मच्छीमार आहे असे मत असेल तर त्याला राहत आणि विमा दोन्ही मिळाले पाहिजेत. यातले एक काहीतरी ठरले पाहिजे.

"म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन मिळते की," असे काही जण म्हणतील. हिशेब करून पाहू. मध्य प्रदेशात सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन २०१९ मध्ये दरमहा ३०० वरून ६०० रुपये झाले. वाढ दुप्पट होती, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण सहाशे रुपये म्हणजे दिवसाला वीस रुपये. त्यात केंद्राचा वाटा ८० वर्षांखालील वृद्धासाठी २०० रुपयेच आहे. कन्हान नदी इथून खाली सावनेरकडे जाते. तिथल्या वृद्धाला महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मंजूर आहेत, म्हणजे दिवसाला पन्नास. नदी तीच, मासा तोच, बोलीही तीच. फरक १९५६ साली ओढलेल्या रेषेचा. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या वीजदराच्या आणि कर्जाच्या सवलतींची वाट तिकडच्या मच्छीमारालाही मोकळी झाली. पलीकडचे सगळे गोड आणि आपले सगळे कडू, असे आम्ही म्हणत नाही. तिकडच्या मच्छीमारांचीही गाऱ्हाणी आहेत. पण सोयरिकीच्या निमित्ताने आपण रोज ही रेषा ओलांडतो, तेव्हा तुलना मनात येणारच.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप पंचायतीच्या उत्पन्नाचा. तलावाच्या पट्ट्यातून येणारा पैसा गावच्या कामाला लागतो, तो कमी झाला तर कसे? एका समितीत साठीपुढचे सभासद मूठभर असतात. त्यांच्या वाट्यात जी सूट द्यायची, तेवढीच रक्कम पट्ट्यातून वजा करायची आहे. गावाच्या तिजोरीला त्याने भगदाड पडणार नाही. शिवाय ज्या माणसाने चाळीस वर्षे या तलावाचा पट्टा भरला, त्याने आपला हिस्सा गावाला आधीच देऊन ठेवला आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आजोबाच्या नावाने परवाना काढायचा आणि जाळे नातवाने टाकायचे, असे होईल. त्याहून वाईट म्हणजे एखादा ठेकेदार दहा म्हाताऱ्यांची नावे लावून सवलत खाईल. ही भीती आम्ही नाकारत नाही. आपल्याकडे कोणत्या सवलतीचे असे झाले नाही? पण त्यावरचा उपायही आपल्या शेजारीच सापडतो. पेंच राष्ट्रीय उद्यानातील तोतलाडोह जलाशयाचा खटला वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. उद्यानाच्या हद्दीत पूर्वी राहणाऱ्या आणि विस्थापित झालेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेश शासनाने या जलाशयात मासेमारीचे परवाने दिले. त्याविरुद्ध पर्यावरणवादी वकिलांची संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च १९९७ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, अटी घातल्या. प्रत्येक परवानाधारकाला छायाचित्र असलेले ओळखपत्र असावे, परवाना दुसऱ्याच्या नावे करता येऊ नये, रोज पकडलेल्या माशांची नोंद व्हावी, अशा त्या अटी होत्या. जंगल वाचले पाहिजे आणि ज्याची जमीन गेली त्याचे पोटही वाचले पाहिजे, असा तो विचार होता.

तीच रीत इथे लावता येते. सवलतीचे ओळखपत्र छायाचित्रासह आणि जन्मतारखेसह असावे. ते फक्त त्याच माणसाचे असावे, दुसऱ्याला देता येऊ नये. सवलत हाताने वापरायच्या साधनांपुरती असावी, म्हणजे फेकजाळे, गळ, काठावरचे लहान जाळे. ज्याच्या नावावर स्वतंत्र तलावाचा पट्टा आहे किंवा जो माणसे लावून मासे काढतो, त्याला ती मिळू नये, मग त्याचे वय ऐंशी असले तरी. एवढे केले तर ठेकेदाराच्या हाती काही लागत नाही.

तिसरा आक्षेप माशांच्या साठ्याचा. शुल्क कमी केले तर मासेमारी वाढेल आणि नदी रिकामी होईल, असे म्हटले जाते. नद्या खरोखरच रिकाम्या होत आहेत, हे आम्हालाही दिसते. पण त्याला काठावर बसलेला म्हातारा कारणीभूत नाही. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडणे, बेसुमार रेती उपसा, घाण पाणी, बारीक भोकांची जाळी, बंदीच्या काळातली चोरटी मासेमारी आणि विष किंवा विजेचा वापर, ही खरी कारणे आहेत. उलट कोणत्या डोहात मासे अंडी घालतात आणि तो डोह कधी सोडून द्यायचा, हे सांगणारी माणसे हीच आहेत. सवलतीच्या बदल्यात त्यांच्याकडून तलावावर नजर ठेवण्याचे काम घेता आले तर शासनाचाच फायदा आहे.

चौथा प्रश्न असा की गरिबी पाहायची की वय? परदेशात या प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली आहेत. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ६५ वर्षांवरील रहिवाशाला मासेमारीचा परवाना घ्यावाच लागत नाही, वयाचा पुरावा आणि रहिवासाचा पुरावा जवळ असला की पुरे. कॅलिफोर्नियात मात्र ६५ वर्षांवरील माणूस कमी उत्पन्नाचा असेल तरच शुल्कात सूट मिळते. तिथली मासेमारी बरीचशी हौसेची असते, आपल्याकडची पोटासाठी, हा फरक लक्षात ठेवूनही या दोन रीतींतून शिकण्यासारखे आहे. उत्पन्नाची अट न्याय्य वाटते, पण आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला म्हणजे तहसीलच्या चार फेऱ्या आणि चार दिवसांची बुडालेली मजुरी. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या म्हाताऱ्याला हिंदीतला अर्ज भरून द्यायला कोणीतरी लागते आणि तो कोणीतरी फुकट भरून देत नाही. सवलत शंभर रुपयांची आणि ती मिळवायचा खर्च दोनशे, असे होऊ नये. म्हणून हाताने मासेमारी करणाऱ्यासाठी वय हाच एक निकष असावा, असे आमचे मत आहे. अर्ज मराठीतही स्वीकारला जावा, ही या भागापुरती आमची जोड मागणी आहे.

आणखी एक सावधगिरी. सवलत आदेशाने दिली तर ती आदेशाने जातेही. रेल्वेचे उदाहरण ताजे आहे. ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट रेल्वेच्या भाड्यात मिळत होती. मार्च २०२० मध्ये महामारीच्या काळात ती थांबवली गेली. गाड्या पुन्हा पूर्ववत धावू लागल्यावरही सूट परत आली नाही. म्हणून मच्छीमारांची ही सवलत एखाद्या अधिकाऱ्याच्या मेहेरबानीवर राहू नये. समितीच्या उपविधींत आणि शासनाच्या नियमांत ती लिहिलेली असावी. लिहिलेले असले की मागता येते.

मग हे करायचे कोणी? इथे आपल्या हाती बरेच आहे. मध्य प्रदेशात दहा हेक्टरपर्यंतचे तलाव ग्रामपंचायतीच्या, दहा ते शंभर हेक्टरपर्यंतचे जनपद पंचायतीच्या आणि त्यापुढे हजार हेक्टरपर्यंतचे जिल्हा पंचायतीच्या अखत्यारीत पट्ट्याने दिले जातात. म्हणजे सुरुवात भोपाळपासून करावी लागत नाही, ती आपल्या गावच्या चावडीपासून होऊ शकते. आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिली, मच्छीमार समित्यांनी आपल्या आमसभेत ठराव करून साठीपुढील सभासदाची वर्गणी आणि पट्ट्याचा वाटा निम्मा, सत्तरीपुढील सभासदाचा माफ करावा आणि उपविधींत तशी दुरुस्ती करून घ्यावी. नवऱ्यामागे सभासद झालेल्या वृद्ध विधवेलाही हाच नियम लागू असावा, कारण मासे विकून घर चालवणारी तीच असते.

दुसरी, समितीने जेवढी सूट दिली तेवढी रक्कम पंचायतीने पट्ट्यातून कमी करावी. तसे करण्यासाठी वरून मंजुरी लागत असेल तर ग्रामसभेने ठराव करून ती मागावी. सूट समितीच्या माथी मारून पंचायतीने हात झटकू नयेत, नाहीतर तरुण सभासदांच्या मनात म्हाताऱ्यांविषयी आकस उत्पन्न होईल.

तिसरी, आमच्या दोन्ही मतदारसंघांच्या आमदारांनी विधानसभेत आणि छिंदवाड्याच्या खासदारांनी लोकसभेत बचत सह राहत योजनेतील साठ वर्षांची आणि विम्यातील सत्तर वर्षांची मर्यादा उठवण्याचा प्रश्न मांडावा. जो माणूस जाळे टाकतो तो मच्छीमार, एवढी साधी व्याख्या पुरेशी आहे.

पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये स्वतंत्र झाला. तेव्हा आपण फटाके फोडले, मिठाई वाटली, "आता आपले प्रशासन आपल्या दारी" असे म्हटले. नव्या जिल्ह्याने आपली अशी एखादी चांगली रीत पाडावी, ज्याचे नाव शेजारचे जिल्हे घेतील. मच्छीमार म्हाताऱ्याला सवलत देणारा जिल्हा, ही ओळख वाईट नाही. त्याला मोठा निधी लागत नाही, इमारत लागत नाही, उद्‌घाटनाचा दगडही लागत नाही.

जुन्या मराठी घराण्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. या भागात आपण भोसल्यांच्या काळापासून राहतो असे आपण अभिमानाने सांगतो. जुने असण्याचा अर्थ केवळ वाडा आणि सातबारा जुना असणे एवढाच नसतो. गावातल्या ज्यांचा आवाज लहान आहे, त्यांचा शब्द पंचायतीत नेऊन पोहोचवणे हेही जुन्या घराचे काम असते. आपल्या पूर्वजांनी ते आपापल्या परीने केले. आता पाळी आपली आहे.

मासेमारीची बंदी १५ ऑगस्टला संपते आणि त्याच दिवशी गावोगाव ग्रामसभा भरवण्याची रीत आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारे आपली जाळी खांद्यावर टाकून पुन्हा पाण्याकडे निघतात. झेंडावंदनानंतर मिठाई घेऊन घरी परतण्याआधी आपण ग्रामसभेत तासभर बसावे आणि हा ठराव मांडावा. अनुमोदन द्यायला दुसरा कोणी उठला नाही तर आपणच दोन माणसे सोबत न्यावीत. ठरावाची प्रत घेऊन ठेवावी आणि तिचे पुढे काय झाले ते पुढच्या ग्रामसभेत विचारावे.